आधी श्रवण, मग चित्रण

विद्यार्थ्यांना गाण्याचा व्हिडिओ करावासा वाटतो, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र बाजारी ठेक्यावर बाबासाहेबांची छायाचित्रे फिरवली की गीत झाले, हे आम्हांस मान्य नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा लोकांत रुजला, तो त्यांच्याच जगण्यातील प्रश्न त्यांच्याच बोलीत मांडल्यामुळे.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीतील कष्टकरी स्त्रियांच्या ओव्या त्यात आहेत. बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत.

म्हणून पहिला महिना ऐकण्यास द्यावा. शिवऱ्यातील आणि भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरील आजींकडून ओव्या उतरवून घ्याव्यात. गायिकेचे नाव, गाव, दिनांक नोंदवून संमती घ्यावी. मग एक ओवी निवडून, कोणत्या ओळीला कोणते दृश्य, हे कागदावर रेखाटावे. चित्रीकरण अखेरीस, आणि श्रेयनामावलीत पहिले नाव आजीचे.

जात्याची घरघर थांबली, आजी थकल्या. ज्या समाजाला लेखणी नाकारली गेली, त्याचा इतिहास कंठातच राहिला. तो कंठ मिटण्यापूर्वी आपली मुले तेथे पोहोचली पाहिजेत.