पदवी विद्यापीठाची, पत स्वतःची

बारावी वाणिज्य शाखेचा निकाल लागला की समाजातील अनेक घरांत एकच विचार सुरू होतो. मुलाने अथवा मुलीने वित्तविषयाकडे वळावे, हे बहुधा ठरलेले असते. प्रश्न उरतो तो शिकायचे कोठे, एवढाच. लाखोंचे शुल्क घेणारी खासगी संस्था, की मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील सार्वजनिक विद्यापीठ? ‘सरकारी पदवीला आता कोण विचारतो?’ असा शेरा एखादे आप्त मारतात आणि वडील शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरू लागतात. त्या अर्जावर सही करण्यापूर्वी हा शेरा पारखून घेणे हिताचे ठरेल.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 सालची. त्याच्या फोर्ट येथील आवारात उभा असलेला राजाबाई मनोरा 1878 साली पूर्ण झाला. त्यासाठी द्रव्य देणारे प्रेमचंद रायचंद हे जैन श्रावक. मनोऱ्याला नाव दिले ते त्यांच्या मातोश्रींचे. पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखल्या गेलेल्या दलालांच्या संघटनेच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीने मुंबईला वेड लावले आणि 1865 मध्ये ती तेजी कोसळली, तेव्हा या धनाढ्य दलालालाही जबर फटका बसला. तेजीत मिळवलेली संपत्ती गेली. विद्येसाठी दिलेली मात्र आजही उभी आहे. सार्वजनिक विद्यापीठाशी समाजाचे नाते इतके जुने आहे.

अशा विद्यापीठात वित्तविषयाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. साधी बी.कॉम. आहेच, शिवाय लेखा व वित्त, बँकिंग व विमा, वित्तीय बाजार असे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम मुंबईत रुळले आहेत. यातील एक भेद पालकांच्या ध्यानात येत नाही. एकाच महाविद्यालयात साधी बी.कॉम. अनुदानित, म्हणून स्वस्त असते. विशेष अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित, म्हणून महाग. सनदी लेखापाल होण्याचा निश्चय पक्का असेल, तर अनुदानित बी.कॉम.ने काही अडत नाही. वाचलेले पैसे व्यावसायिक परीक्षांच्या शुल्काला उपयोगी पडतात. ज्याला पदवीनंतर थेट नोकरीकडे वळायचे आहे, त्याला विशेष अभ्यासक्रमातील विषयांचा लाभ अधिक. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेता येते अथवा चौथ्या वर्षी ऑनर्स करता येते, याचाही विचार आधीच व्हावा.

मोठ्या विद्यापीठाचे दोषही झाकून ठेवू नयेत. वर्ग भरगच्च असतात, अभ्यासक्रम उद्योगाच्या मागे रेंगाळतो, निकाल कधी लांबतात. विद्यार्थ्याला हाताला धरून नोकरीपर्यंत नेणारी यंत्रणा सर्वच संलग्न महाविद्यालयांत नसते. तेथे मिळते ती मोकळीक, ग्रंथालय आणि दुपारचा वेळ. या वेळेचे काय होते, यावर पुढील सारे अवलंबून असते.

त्या वेळेत करण्याजोगे पुष्कळ आहे. वाणिज्य पदवीधराला 55 टक्के गुण असल्यास सनदी लेखापालाच्या इंटरमिजिएट पातळीला थेट प्रवेश मिळतो. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झाली आहे. गुंतवणूक विश्लेषणाची आवड असणाऱ्यांसाठी सीएफएच्या तीन पातळ्या आहेत. गणित उत्तम असणाऱ्याने विमागणिताच्या परीक्षांची माहिती घ्यावी. सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा कमी खर्चात देता येतात आणि म्युच्युअल फंड वितरण अथवा संशोधन विश्लेषण या कामांसाठी त्या आवश्यकच असतात. यांच्या जोडीला एक्सेल सफाईने हाताळता येणे आणि ताळेबंद वाचून चार वाक्यांत त्याचा अर्थ सांगता येणे, ही दोन कौशल्ये मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलतात.

पदवीनंतरचे पहिले काम बहुधा साधेच असते. लेखापरीक्षण कचेरीतील साहाय्यक, बँकेतील कर्ज विभाग, फंडांचे हिशेब ठेवणारी संस्था, अथवा मुंबई-पुण्यातील परदेशी बँकांची सेवाकेंद्रे, येथे सुरुवात होते. पगार पाहून घरचे खट्टू होतात. परंतु या क्षेत्रात पहिली तीन वर्षे शिकण्याची मानावीत, त्यानंतर एम.एम.एस., बँकांच्या अधिकारी परीक्षा किंवा घरच्याच व्यापाराची आधुनिक घडी, असे पर्याय खुले राहतात. कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल, तर हीच शिकण्याची वर्षे हप्ता फेडण्यात जातात. खर्चिक शिक्षणाची खरी किंमत ही आहे.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र रुजवला. वित्तशिक्षणाला तो आज जितका लागू पडतो, तितका क्वचितच अन्य शिक्षणाला पडत असेल. मात्र एक गोष्ट समाजाने बदलली पाहिजे. सी.ए.च्या परीक्षेत दोन-तीनदा अपयश आले की मुलगा समारंभ टाळू लागतो आणि मुलीच्या लग्नाची घाई सुरू होते. ही परीक्षा कठीण आहे. अपयशी ठरणारे संख्येने नेहमीच अधिक. त्या अभ्यासाने मिळालेले ज्ञान बाजारात वाया जात नाही. प्रयत्नांची मर्यादा आधी ठरवावी, दुसरी वाट तयार ठेवावी आणि मुलीला मुलाइतकीच वर्षे द्यावीत.

शेवटची गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात क्वचितच पुरेशी शिकवली जाते. श्रावकाच्या सत्य आणि अचौर्य या अणुव्रतांचे अतिचार आचार्यांनी सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे दस्तऐवज करणे आहे, न्यासापहार म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव बुडवणे आहे, आणि खोटी वजने-मापे वापरणेही आहे. आजच्या भाषेत हीच फुगवलेली विक्री, ठेवीदाराच्या पैशांचा अपहार आणि दलालीच्या लोभाने माथी मारलेली योजना होय. बाजारातील बहुतेक घोटाळे यांतूनच उगवतात. ज्या तरुणाला हे घरी, स्वाध्यायात समजले, त्याला एखादी बढती कदाचित उशिरा मिळेल. पण लोक आपली आयुष्यभराची बचत त्याच्याच हाती निश्चिंतपणे सोपवतील. वित्तव्यवसायात याहून मोठे भांडवल नाही.