आधुनिक अमेरिकन नाटक : वास्तववाद, अभिव्यक्तिवाद आणि राजकीय आशय

आधुनिक अमेरिकन नाटकाचा विचार करताना वास्तववाद आणि अभिव्यक्तिवाद या दोन संज्ञांची वाटणी बहुधा आधीच ठरून गेलेली असते. समाज, अन्याय, वर्ग आणि राजकारण ही वास्तववादी नाटकाची क्षेत्रे. स्वप्न, भय, आभास आणि दुभंगलेले मन ही अभिव्यक्तिवादी नाटकाची क्षेत्रे, अशी ही वाटणी आहे. तिच्या जोडीला एक कालक्रमही सांगितला जातो : १९२०च्या दशकात अभिव्यक्तिवादाचा प्रयोग झाला, तो ओसरला आणि अमेरिकन रंगभूमी पुन्हा वास्तववादाकडे वळली. उत्तरपत्रिकेच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची आहे. परंतु ज्या नाटकांच्या आधारे ती केली जाते, ती नाटकेच तिच्या विरोधात साक्ष देतात.

मराठी अभ्यासकाला ही वाटणी स्वाभाविक वाटावी याला कारण आहे. मराठी रंगभूमीवर वास्तववादी तंत्र आले ते इब्सेनच्या प्रभावाने आणि सामाजिक प्रश्नाचे बोट धरून. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा घराच्या आतील दृश्य, बोलभाषेला जवळचे गद्य संवाद आणि स्त्री-पुरुषांच्या नीतीचा प्रश्न या गोष्टी एकत्रच अवतरल्या. त्यामुळे तंत्रातील वास्तव आणि सामाजिक जाणीव ही जणू एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, असा समज दृढ झाला. अमेरिकन नाटकाच्या बाबतीत हा समज तपासून घेणे आवश्यक ठरते.

वास्तववादी रंगमंचाची एक मूलभूत अट असते. नाटकातील दुःखाला जे कोणी कारणीभूत असेल, ते माणसाच्या रूपाने दारातून आत येऊ शकले पाहिजे. सावकार येऊ शकतो, नवरा येऊ शकतो, गिरणीचा मालक येऊ शकतो. त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला दोषी ठरवता येते. परंतु बाजार दारातून आत येत नाही. वर्णव्यवस्था खुर्चीवर बसून बोलत नाही. यंत्राची लय माणसाच्या देहात शिरते ती कोणाच्याही संवादातून नव्हे. विसाव्या शतकातील अमेरिकन नाटककाराला ज्या सत्तांबद्दल बोलायचे होते, त्यांपैकी बऱ्याच सत्ता अशा निनावी होत्या. दोष कोणाचा, हा मूळचा राजकीय प्रश्न त्यामुळे नाट्यरूपाचा प्रश्न होऊन बसला. अभिव्यक्तिवाद हे तिथे राजकारणापासून पळून मनात शिरण्याचे साधन नव्हते. चेहरा नसलेल्या सत्तेला रंगमंचावर हजर करण्याचे ते साधन होते.

यूजीन ओनीलच्या ‘द एम्परर जोन्स’ (१९२०) या नाटकाची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आठ प्रवेशांपैकी पहिला आणि शेवटचा प्रवेश वास्तववादी वळणाचा असून मधले सहा प्रवेश जंगलातील रात्रीत घडतात. ढोलाचा ठेका नाडीच्या नेहमीच्या गतीने, म्हणजे मिनिटाला सुमारे ७२ ठोके असा सुरू होऊन वाढत जातो. आगगाडीवरील हमाल, खुनी, कैदी आणि अखेर एका बेटाचा स्वयंघोषित सम्राट झालेला ब्रूटस जोन्स या जंगलात प्रथम स्वतःची स्मृती भेटते म्हणून भितो. नंतर त्याला भेटतात ते गुलामांचा लिलाव आणि गुलामांना वाहून नेणारे जहाज. हे त्याने स्वतः पाहिलेले नाही. व्यक्तीचे मानसशास्त्र येथे संपते आणि इतिहास सुरू होतो. मात्र नाटक तिथेच थांबत नाही. शेवटचे आभासदृश्य कांगोतील मांत्रिकाचे आहे आणि गुलामगिरीचा इतिहास तिथे वंशाच्या ‘आदिम’ स्वभावात विरघळून जातो. या नाटकावर घेतला गेलेला आक्षेप रास्त आहे. अदृश्य सत्ता दाखवणारे तंत्र त्या सत्तेचे पूर्वग्रहही सोबत आणू शकते, हे त्यातून ध्यानात येते.

‘द हेअरी एप’ (१९२२) मध्ये ओनीलने हेच तंत्र वर्गाच्या प्रश्नाकडे वळवले. जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा यँक पोलाद-उद्योगपतीच्या मुलीच्या एका नजरेने दुखावतो आणि सूड घ्यायला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर जातो. तिथले श्रीमंत लोक कळसूत्री बाहुल्यांसारखे चालतात. यँक त्यांच्यावर धडका देतो, पण त्यांना काही होत नाही. धक्का बसतो तो त्यालाच. हा प्रसंग वास्तववादी पद्धतीने लिहिला असता तर ती एक मारामारी झाली असती. येथे ते वर्गसंबंधांचे विधान झाले आहे : ज्याला मारायचे तो माणूस रस्त्यावर नाहीच.

या संदर्भात सोफी ट्रेडवेल या नाटककर्तीचे ‘मशिनल’ (१९२८) हे नाटक अधिक महत्त्वाचे ठरते. पतीच्या खुनाबद्दल रूथ स्नायडर या स्त्रीला जानेवारी १९२८ मध्ये विजेच्या खुर्चीत देहदंड देण्यात आला. त्या क्षणाचे, चोरून घेतलेले छायाचित्र न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर छापले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रेडवेलचे नाटक ब्रॉडवेवर आले. ट्रेडवेल स्वतः पत्रकार होती. घटना जशीच्या तशी दाखवणे म्हणजे सत्य, असे मानले तर ते काम कॅमेऱ्याने आधीच पार पाडले होते. त्या छायाचित्रात मृत्यू होता, कारण नव्हते. ट्रेडवेलने नऊ प्रसंगांत कारणाची मांडणी केली. कचेरीतील यंत्रांचा खडखडाट, त्याच लयीत तुटकपणे बोलणारे कारकून, आईचा पैशासाठीचा आग्रह, वरिष्ठाशी लग्न, बाळंतपण, न्यायालय आणि शेवटी पुन्हा एक यंत्र, अशी ही साखळी आहे. यातला नवरा दुष्ट नाही. तो तेच तेच विनोद सांगणारा, आपल्या परीने बरा माणूस आहे. तो दुष्ट असता तर प्रेक्षकाला त्याच्यावर दोष टाकून घरी जाता आले असते. तसे जाता येत नाही, हाच नाटकाचा राजकीय आशय होय. पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेले हे नाटक १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि १९९३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुन्हा उभे राहिले. अभिव्यक्तिवाद म्हणजे ओनील आणि एल्मर राईस, ही यादी किती अपुरी आहे हे त्याने दाखवून दिले.

१९३०च्या दशकात राजकारण उघडपणे रंगमंचावर आले. परंतु ते शुद्ध वास्तववादी रूपात आले नाही. क्लिफर्ड ओडेट्सच्या ‘वेटिंग फॉर लेफ्टी’ (१९३५) मध्ये टॅक्सीचालकांची सभा हाच रंगमंच आहे आणि प्रेक्षागृहात बसलेला प्रत्येकजण त्या सभेचा सभासद आहे. संपाची हाक प्रेक्षकांतूनच उठते. सरकारी मदतीने १९३५ मध्ये सुरू झालेल्या फेडरल थिएटर प्रोजेक्टने ‘जिवंत वृत्तपत्र’ हा प्रकार रूढ केला. त्यात आकडेवारी, बातम्या, ध्वनिक्षेपकावरील आवाज आणि चौकात उभा केलेला सामान्य माणूस एकत्र येत. काँग्रेसने १९३९ मध्ये या प्रकल्पाचे अनुदान बंद केले. मनाच्या कप्प्यात रमणाऱ्या रंगभूमीची राज्यसत्तेने एवढी दखल घेतली नसती.

वरील विवेचनाची खरी कसोटी आर्थर मिलरच्या दोन नाटकांत लागते. ‘ऑल माय सन्स’ (१९४७) हे इब्सेनच्या वळणाचे, घट्ट विणीचे नाटक आहे. एक परसदार, एक दिवस, भूतकाळातील एक गुपित आणि ते उघड करणारे एक पत्र एवढ्यावर ते उभे आहे. युद्धकाळात सदोष यंत्रभाग विकून जो केलरने २१ वैमानिकांचा बळी घेतलेला असतो. युद्धात नफा कोणी कमावला नाही, अशी सबब तो पुढे करतो, तेव्हा क्षणभर सबंध व्यवस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात येते. पण नाटकाचे रूप त्या प्रश्नाला तिथे थांबू देत नाही. गुन्हेगार सापडतो, पिस्तुलाचा आवाज होतो आणि हिशेब पुरा होतो.

दोनच वर्षांनी आलेल्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) मध्ये हिशेब पुरा होत नाही. विली लोमनला कोणी मारले? मालकाचा मुलगा हॉवर्ड त्याला कामावरून काढतो, परंतु तोही खलपुरुष नाही. तो नव्या ध्वनिमुद्रण यंत्रात आपल्या मुलांचे आवाज ऐकण्यात गुंतलेला आहे. विलीच्या मृत्यूचे कारण त्याने स्वतः मनापासून मानलेल्या यशाच्या कल्पनेत आहे, आणि कल्पनेला घराचा पत्ता नसतो. मिलरला आरंभी सुचलेले नाव ‘त्याच्या डोक्याच्या आत’ अशा अर्थाचे होते. जो मिल्झिनरच्या नेपथ्यात लोमन कुटुंबाचे घर सांगाड्यासारखे पारदर्शक होते आणि भोवती इमारतींचा वेढा होता. वर्तमानातील प्रवेशांत पात्रे भिंतीचे भान ठेवून दारातून ये-जा करतात. भूतकाळाच्या प्रवेशांत ती भिंतीतून आरपार चालत पुढे येतात. भिंत पाळणे आणि भिंत मोडणे या दोन्ही क्रिया एकाच नाटकात आहेत. हप्ते आणि विम्याची रक्कम यांचा तपशील काटेकोर वास्तववादी आहे. म्हणूनच भिंत विरते तेव्हा प्रेक्षकाला ती चलाखी वाटत नाही.

मराठी वाचकांना विजय तेंडुलकरांच्या ‘वासनाचक्र’ या अनुवादामुळे परिचित असलेल्या टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९४७) या नाटकातही भिंतीची अशीच योजना आहे. ब्लांशवरील अत्याचाराच्या प्रवेशात घराची मागची भिंत पारदर्शक होऊन रस्त्यावरची हिंसा दिसू लागते. घरातील हिंसा ही केवळ एका घराची नाही, हे एकही वाक्य न उच्चारता सांगितले जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. अमेरिकन रंगभूमीवरील अत्यंत प्रभावी राजकीय नाटकांपैकी एक, लोरेन हॅन्सबेरीचे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९), हे तर बव्हंशी वास्तववादी आहे. शिकागोच्या दक्षिण भागातील कोंदट घर, एकच लहान खिडकी, शेजाऱ्यांबरोबर सामायिक न्हाणीघर आणि विम्याचे १०,००० डॉलर हे सारे इब्सेनला ओळखीचे वाटावे असे आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर नाटकातच सापडते. गोऱ्यांच्या वस्तीतर्फे कार्ल लिंडनर हा सौम्य, विनयी गृहस्थ येतो आणि यंगर कुटुंबाने तिथे राहायला येऊ नये म्हणून पैसे देऊ करतो. वंशभेद येथे खरोखरच दारातून आत येतो, टोपी हातात घेऊन. हॅन्सबेरीच्या वडिलांनी अशाच घरासाठी दिलेला न्यायालयीन लढा १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यामुळे या सत्तेचा चेहरा, तिची भाषा आणि तिचा दर लेखिकेला नेमका ठाऊक होता. शिवाय कृष्णवर्णीय कुटुंबाची साधी सकाळ, न्हाणीघरासाठीची घाई आणि नाश्त्यावरून होणारी कुरबुर ब्रॉडवेच्या प्रेक्षकाने गांभीर्याने क्वचितच पाहिली होती. ज्यांचे सामान्य जगणेच रंगमंचाने नाकारले, त्यांच्यासाठी वास्तववाद हीच राजकीय कृती ठरते.

याचा अर्थ असा की कोणतेही रूप स्वभावतः पुरोगामी अथवा आत्ममग्न नसते. अभिव्यक्तिवादाची मर्यादाही उघड आहे. राईसच्या ‘द ॲडिंग मशीन’ (१९२३) मधील मिस्टर झिरो २५ वर्षांच्या नोकरीनंतर यंत्रामुळे बेकार होतो. परंतु तो इतका शून्यवत् आहे की त्याच्याविषयी कळवळा वाटणे कठीण जाते. व्यवस्था दिसते, माणूस हरवतो. वास्तववादात माणूस दिसतो, व्यवस्था निसटते. या दोन तोट्यांमधला ताण ज्या नाटकांनी जिवंत ठेवला, ती टिकली.

टोनी कुशनरच्या ‘एंजल्स इन अमेरिका’मध्ये (ब्रॉडवे, १९९३) हाच ताण पुन्हा दिसतो. रॉय कोन हा मॅकार्थीचा साहाय्यक राहिलेला वकील एड्सने मरणपंथाला लागला आहे, आणि ज्या एथेल रोझेनबर्गला १९५३ मध्ये मृत्युदंड झाला, तिचे भूत त्याच्या उशाशी येऊन बसते. कोन त्या खटल्यात सरकारी पक्षाच्या वकिलांपैकी एक होता. रोग, औषध, न्यायालय हे सारे नोंदींतले आहे. भूत आणि छत फोडून येणारी देवदूत नोंदींतली नाहीत. पण राज्यसत्तेने विसरायला लावलेले आठवणीत आणण्यासाठी भुतावाचून इलाज नाही, अशी त्या नाटकाची धारणा आहे.

म्हणून ‘हे नाटक कोणत्या वादात बसते’ हा प्रश्न अध्यापनात प्रथम विचारणे थांबवणे इष्ट ठरेल. त्याआधी विचारायला हवे : या नाटकातील सत्ता दारातून आत येऊ शकते काय? येत असेल, तर ती कोणाच्या रूपाने येते? येत नसेल, तर नाटककाराने भिंतीचे काय केले? वादांची नावे या प्रश्नांच्या उत्तरांतून आपोआप मिळतील, आणि तेव्हा ती पाठ करावी लागणार नाहीत.