मेंदूची भिंत आणि पंपहाउसचं दार

‘मास्क लावला नसेल.’ जून २०१४ मध्ये भिलाईत हे वाक्य मी भाजीच्या ठेल्यावर ऐकलं, शेजारच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात ऐकलं, आणि शिकल्यासवरलेल्या माणसांकडून तर जास्तच ऐकलं. १२ जूनला भिलाई इस्पात संयंत्रात ब्लास्ट फर्नेसच्या गॅस-सफाईला पाणी पुरवणाऱ्या पंपहाउसात बिघाड झाला आणि जिथून पाणी जायचं तिथून गॅस उलटा आला. सहा माणसं गेली, त्यांत दोन उपमहाप्रबंधक. प्लांटमध्ये त्या पदापर्यंत कोणी गॅस म्हणजे काय हे कळल्याशिवाय पोचत नाही. तरीही गावभर एकच निकाल लागला होता: त्यांनी काळजी घेतली नसेल.

हा निकाल नुसता निर्दय नाही, तो चुकीचा आहे. शरीरशास्त्राच्या कसोटीवर चुकीचा आहे, आणि हे मला तेव्हाच ओरडून सांगता यायला हवं होतं. इथल्या शाळेत तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील प्लांटमध्ये शिफ्ट करत. मी त्या मुलांना मेंदूची तटबंदी शिकवली, आणि ज्या वाटेनं त्यांच्या वडिलांचा मेंदू मरू शकतो ती वाट शिकवली नाही.

तटबंदी मी मन लावून शिकवायचे. बाहेर कवटी, आत तीन आवरणं, त्यांच्यामधल्या पाण्यात तरंगणारा मेंदू, तीच आवरणं आणि तेच पाणी खाली पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती. मग खरी गंमत: १८८५ साली पॉल एर्लिश यांनी प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांचेच शिष्य गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलट केलं. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत आहे. ती कुठे आहे हे १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. जंतू बहुतेक वेळा बाहेर राहतात, बरीचशी औषधंसुद्धा बाहेर राहतात. मुलं डोळे विस्फारून ऐकायची.

रक्तपुरवठ्याचीही अशीच चोख व्यवस्था. मानेतून चार धमन्या वर जातात आणि मेंदूच्या तळाशी त्यांचं कडं होतं. १६६४ मध्ये थॉमस विलिस यांनी त्याचं वर्णन केलं म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. एक धमनी तुंबली तर उरलेल्या तिच्या वाट्याचं रक्त पोचवायला धावतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो आणि साठवून काहीच ठेवत नाही. रक्त थांबलं की दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते.

पंपहाउसात शिरलेल्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड यातलं काहीच फोडत नाही. भिंत शाबूत, कडं शाबूत, रक्त वाहतं आहे. त्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरून बसतो, आणि उरलासुरला प्राणवायूही पेशींना सहज सोडू देत नाही. दारात गाडी रोज येते, पण धान्य उतरत नाही. ब्लास्ट फर्नेसच्या गॅसमध्ये हा वायू साधारण पाव हिस्सा असतो, आणि त्याला ना रंग, ना वास.

आणि ‘मास्क लावला नसेल’ म्हणणाऱ्यांनी इथे नीट थांबावं. या उपासमारीत मेंदूचं जे काम फार लवकर ढासळतं ते पारख करण्याचं. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, एवढा व्हॉल्व्ह फिरवून निघू. गॅस जास्त असेल तर तेवढंही वाटायला वेळ मिळत नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये हा वायू स्वतः हुंगून परिणाम टिपले होते, आणि खाणीत उतरताना सोबत पिंजऱ्यातला पक्षी न्या, असं त्यांनीच सांगितलं. पक्ष्यावर परिणाम आधी दिसतो, आणि माणसाला स्वतःचं कळत नाही. ज्या अवयवानं धोका ओळखायचा तोच अवयव धोक्यानं आधी बंद पाडलेला असतो. अशा माणसाला ‘सावध राहायला हवं होतं’ म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला श्वास घ्यायला हवा होता म्हणण्यासारखं आहे.

अज्ञान प्लांटच्या फाटकाबाहेरही आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गॅस लागला होता. ओकाऱ्या होत होत्या, डोकं फुटत होतं. एका छोट्या दवाखान्यात बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला, आकडा अठ्ठ्याण्णव आला, आणि त्याला घरी पाठवलं. तो साधा चिमटा प्राणवायूनं भरलेलं हिमोग्लोबिन आणि या वायूनं भरलेलं हिमोग्लोबिन यांत फरकच करू शकत नाही! रक्त तपासायला हवं होतं, आणि तोपर्यंत तोंडावर शुद्ध प्राणवायू लावून ठेवायला हवा होता. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो, शुद्ध प्राणवायूवर तासा-दीड तासात निम्मा होतो. बरा होऊन घरी गेलेल्या माणसाची स्मृती काही आठवड्यांनी ढासळू शकते, चाल बदलू शकते. तेव्हा त्याला विसरभोळा म्हणतात, आळशी म्हणतात, आणि गॅसची आठवण कोणी काढत नाही.

१४ जून २०१८ रोजी विस्तारित प्लांटचं लोकार्पण झालं, मोठा सोहळा झाला. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर देखभालीचं काम चालू असताना स्फोट झाला आणि आग लागली. मृतांचा आकडा वाढत गेला. मृतांमध्ये अग्निशमन दलाचे लोक होते, म्हणजे इतरांना वाचवण्यासाठीच नेमलेले. त्या वेळी मेंदू उपाशी राहून नव्हे, माणसं जळून मेली. पण गावातलं वाक्य तेच होतं, फक्त मास्कच्या जागी दुसरा शब्द आला होता.

१९४८च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३६ मी निवृत्तीनंतर वाचलं. धोकादायक वायू असू शकेल अशा टाकीत, खड्ड्यात, नळात किंवा बंदिस्त जागेत माणूस पाठवायचा तर जाणकारानं तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर त्या माणसाला श्वसनयंत्र द्यायचं आणि कमरेला पट्टा बांधून दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात ठेवायचं. आत जाणाऱ्याच्या शहाणपणावर त्या कायद्यानं भिस्त ठेवलेली नव्हती. पण पाण्याचं पंपहाउस कोणाला गॅसची जागा वाटतच नाही. तिथे भिंतीवर गॅसमापक हवा, दारात भोंगा हवा, आणि पाण्याचा दाब पडताच गॅस आपोआप अडवणारी झडप हवी.

म्हणून यापुढे चौकशीचा अहवाल येईल तेव्हा मेलेल्या माणसानं काय लावलं नव्हतं हे मला पहिल्या पानावर नको. पहिल्या पानावर लिहा की मापक कुठे होता, त्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, दाखल्यावर सही कोणाची होती, आणि दोरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं.