पाणी : दान की हक्क?

तहानलेल्या प्रजेस पाणी देणे हा आमच्या परंपरेने राजाचा धर्म मानिला आहे. परंतु जेथे आरोपी व न्यायाधीश एकच, तेथे तो धर्म पाळविणार कोण? राजा दयाळू निघाला तर विहीर, न निघाला तर नशीब!

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हे मर्म ओळखिले. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली राज्यघटना देऊन त्यांनी आपला अधिकार प्रजेच्या पंचायतींकडे सोपविला. राजधर्मास कायद्याचे बंधन घातले. डफळ्यांचे जत संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. राजे गेले; दरबारी वृत्ती गेली काय?

२०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील सुमारे ४० गावांचा विषय काढिला, तेव्हा म्हैसाळच्या विस्तारित योजनेस मुंबईत एकाएकी गती आली. तहान मात्र कित्येक पिढ्यांची होती! भयाने जागी होणारी नीती ही नीती नव्हे, तो केवळ हिशेब होय. म्हणून जतकरांनी पाणी दान म्हणून याचू नये. लेखी मुदतीसह, हक्क म्हणून मागावे. आणि कालव्यास कोणी आपली देणगी म्हणू लागल्यास, तो पैसा कोणाच्या कराचा, हे आमच्या व्यापारी बंधूंनी भर सभेत विचारावे.