विश्लेषण : कर्करोगाची तपासणी भावी डॉक्टरांच्या हातात कधी बसणार?

एमबीबीएसचा विद्यार्थी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे, टप्पे, उपचार घडाघडा सांगतो. पण समोर बसलेल्या महिलेची तपासणी त्याला स्वतःला करता येते का?

बार्शीने काय दाखवले?

देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीत १९८७मध्ये सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९पासून सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९मध्ये त्यातून सिद्ध झाले.

मग हाताचे कौशल्य कशाला?

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील महिलांसाठी ‘व्हाया’ तपासणी आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. इथे यंत्र नाही, निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतो. स्तनातील गाठही बोटांना कळावी लागते. मावा खाणाऱ्याच्या, मिश्री लावणाऱ्या विडी कामगार महिलेच्या तोंडातील चट्टा वेळीच ओळखावा लागतो. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना प्रशिक्षण दिले. दर दोन वर्षांनी त्यांनी केलेल्या ‘व्हाया’ तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

अडते कुठे?

२०१९पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ही कौशल्ये आहेत, पण गर्भाशयमुखाची आणि स्तनाची तपासणी प्रतिकृतीवर करून दाखवली की अपेक्षा पूर्ण होते. प्रतिकृती लाजत नाही, घाबरत नाही, ‘दुखेल का?’ असे विचारत नाही. दुसरीकडे, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३० ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी दोन महिलांचीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती.

काय करायला हवे?

इंजिनिअरिंगला वर्कशॉपमध्ये जॉब स्वतः केल्याशिवाय सबमिशन होत नाही. इंटर्नशिपलाही तोच नियम हवा. महिलेच्या संमतीने, वरिष्ठांच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने तपासण्या केल्याशिवाय लॉगबुकवर सही नको. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून बार्शी दीड-दोन तासांवर आहे. इंटर्नची काही दिवसांची पाळी तिथे लावता येईल. हेच डॉक्टर उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटे असतील. तेव्हा त्यांचे हात थबकले, तर रुग्णाचा आजार मात्र पुढे सरकत राहील.