चौकोनाला रेघा किती?



‘आता सारे काही संगणकावर होते, मग सुलेखनाची तासिका कशाला?’ असा प्रश्न काही पालक आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना आम्हाला चीनमधील शाळांकडे पाहावेसे वाटते, कारण अक्षरे गिरवण्याचे कष्ट तिथल्या मुलांइतके क्वचितच कोणाला पडत असतील.

आपल्या मुलाला बाराखडी आणि जोडाक्षरे आली की कोणताही शब्द लिहिता येतो. चिनी मुलाला ही सोय नाही. तेथील २०११ च्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत सुमारे ३००० अक्षरे ओळखणे व त्यांपैकी सुमारे २५०० लिहिणे अपेक्षित होते. शिवाय प्रत्येक अक्षराच्या रेघा ठरलेल्या क्रमानेच काढायच्या. वरची आधी, खालची नंतर. डावी आधी, उजवी नंतर. ‘दहा’ हे अक्षर आपल्या अधिक चिन्हासारखे दिसते, पण त्यात आडवी रेघ आधी आणि उभी नंतर. ‘तोंड’ हे अक्षर म्हणजे रिकामा चौकोन. आपले मूल तो चार रेघांत काढील. चिनी हिशेबाने रेघा तीनच: आधी डावी उभी, मग वरची आडवी हात न उचलता वळवून उजवीकडून खाली, आणि शेवटी तळाची. ‘देश’ या अक्षराला चौकट असते. आतले सर्व लिहून झाल्यावरच तळाची रेघ ओढायची. आधी घरात शिरा, मग दार लावा, असे मुलांना शिकवतात.

हा नुसता हट्ट नाही. शब्दकोशात अक्षर शोधताना रेघा मोजाव्या लागतात. चौकोनाच्या चार रेघा मोजणाऱ्याला ते सापडायचे नाही. भरभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात. क्रम चुकला तर जोड भलतीकडे जातो आणि वाचणारा अडखळतो. मोबाईलवर अक्षर उमटवण्याची एक पद्धतही रेघांवरच चालते. आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका आणि वळणारी अशा पाच कळा असतात आणि त्या क्रमानेच दाबाव्या लागतात.

मात्र पुष्कळजण रोमन लिपीत उच्चार टाइप करून समोर आलेल्या अक्षरांतून हवे ते निवडतात. त्यामुळे वाचता येते, पण हातात पेन घेतले की अक्षर आठवत नाही. ‘लेखणी उचलली, अक्षर विसरले’ अशा अर्थाचा वाक्प्रचारच चिनी भाषेत रूढ झाला आहे.

तरीही क्रम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ‘डावा’ आणि ‘उजवा’ ही दोन्ही अक्षरे चीनमध्ये आडव्या रेघेने सुरू होतात. जपानमध्ये ‘उजवा’ मात्र तिरप्या रेघेने. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली रेघांच्या क्रमाची मार्गदर्शिका काढली, तेव्हा तीत न दिलेले क्रम चूक समजू नयेत, असेही सांगितले होते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. हिंदीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण मराठीहून वेगळे असते, हे माळव्यातील मराठी घरांना सांगायला नको. त्यात अशुद्ध कोणतेच नाही, पण मुलाच्या हाताला एक वळण पक्के बसलेले हवे.

म्हणून आमचे मत असे, की सुलेखनाची तासिका राहावी. संगणक जरूर शिकवावा, पण त्यासाठी वेळ दुसरीकडून काढावा, अशी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. शिक्षकांनी क्रम शिकवताना त्याचे कारणही सांगावे, आणि केवळ क्रम चुकला म्हणून गुण कापू नयेत. पुन्हा काढून दाखवावे.

पालकांनाही एक सांगणे आहे. पूर्ण झालेले अक्षर पाहून ते कोठून सुरू केले, हे कळत नाही. ते कळण्यासाठी मूल लिहीत असताना शेजारी बसावे लागते. रोज दहा मिनिटे बसावे.

– प्राचार्य