ताप उतरला तरी हृदयाकडे लक्ष असू द्या

नागरिक बंधू-भगिनींनो,


पावसाळा तोंडावर आला आहे. आता घरोघरी सर्दी, खोकला, तापाची साथ सुरू होईल. बहुतेक जण चार-सहा दिवसांत बरे होऊन कामाला लागतील. पण हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना आणि साठी ओलांडलेल्यांना फ्लू एवढ्यावर सोडतोच असे नाही. त्या दिवसांत हार्ट अ‍ॅटॅकचा धोकाही वाढतो. हे प्रत्येक घरात ठाऊक असावे, म्हणून हे आवाहन.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तपासणीत फ्लू नक्की झालेल्या रुग्णांच्या नोंदी संशोधकांनी अभ्यासल्या. निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अ‍ॅटॅकचे प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट आढळले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे स्वीडनमध्ये कोविडच्या रुग्णांतही पहिल्या दोन आठवड्यांत असाच वाढीव धोका दिसला.

असे का होते? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचलेला असतो. विषाणूशी लढताना शरीरात दाह वाढतो आणि त्या थरावरचे पातळ आवरण फाटू शकते. फाटल्या जागी प्लेटलेट्स चिकटू लागतात. नेमके याच काळात यकृत फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारे प्रथिन जास्त तयार करत असते. जखमेतून रक्त वाहून जाऊ नये म्हणून असलेली ही व्यवस्था इथे घात करते: गुठळी धरते, धमनी बंद होते. त्यात तापाने ठोके वाढलेले, अंगातले पाणी कमी झालेले. हृदयावर सगळा ताण एकदमच येतो.

म्हणून आमची कळकळीची विनंती:

१. डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लूची लस पावसाळ्याआधी घ्या, आणि ती दरवर्षी घ्या. अडीच हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत, अ‍ॅटॅकनंतर लगेच ही लस मिळालेल्यांमध्ये वर्षभरातील मृत्यू कमी झाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले.

२. तोंडाला चव नाही म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या, रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. मात्र डेंग्यूची शंका असेल, तर या गोळ्या चालू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असते.

३. ‘रक्त पातळ राहील’ म्हणून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही आणू नका. हृदयरुग्णांना त्या अपायकारक ठरू शकतात.

४. ताप उतरला की लगेच शेतात, दुकानात किंवा सकाळच्या वेगाच्या चालण्याला निघू नका. आठवडाभर दमाने घ्या.

सगळ्यात मोठा धोका आहे तो ‘पित्त झालंय’ या समजुतीचा. ताप गेलेला असतो, छातीत भरून येते, घाम फुटतो. घरचे ओवा देतात, सोडा देतात, पाठ चोळतात, ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणतात. कृपा करून सकाळची वाट पाहू नका. छातीवर दाब, हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, दम लागणे, दरदरून घाम यांपैकी काहीही जाणवले, तर तत्काळ १०८ वर फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसती मळमळ, धाप किंवा कमालीचा थकवाही असू शकतो. गुठळी जितक्या लवकर विरघळवली किंवा काढली जाईल, तितके हृदयाचे स्नायू वाचतात.

आपल्या इमारतीत, वाडीत, गल्लीत एकटे राहणारे ज्येष्ठ असतील. त्यांना ताप आल्याचे कळले, तर सकाळ-संध्याकाळ त्यांची चौकशी करा, गोळ्या घेतल्या का ते विचारा आणि ताप उतरल्यावरही आठवडाभर हा क्रम मोडू नका.

आपले,
परिसरातील फॅमिली डॉक्टर